गोळ्यांची नोंद होते, मुलाच्या वजनाची नाही

शनिवार-रविवारी मुलाला औषध द्यावे की त्या दोन दिवसांपुरते थांबवावे, हा प्रश्न वरकरणी घरगुती आहे. राष्ट्रीय घडामोडींच्या सदरात त्याला जागा कशाला, असे कुणी विचारील. परंतु ते औषध मिथाइलफेनिडेट असेल आणि मूल आठ-नऊ वर्षांचे असेल, तर अमली पदार्थांविषयीचा कायदा, औषधविक्रेत्यांची धास्ती, शालेय आरोग्य तपासणी आणि शाळांचे वेळापत्रक या साऱ्या गोष्टी त्या एका प्रश्नात येऊन मिळतात. चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये राहणाऱ्या माझ्या कुटुंबाला गेल्या वर्षभरात हे जवळून पाहावे लागले. प्रशासनात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला त्यात जे दिसले, ते धोरणाचा विचार करणाऱ्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

आधी आजाराविषयी थोडे. एडीएचडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात मुलाला वयाच्या मानाने लक्ष टिकवता येत नाही, एका जागी बसवत नाही आणि विचाराच्या आधी कृती घडते. ही लक्षणे बालपणीच सुरू झालेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांमुळे रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा यावा लागतो, तेव्हाच डॉक्टर हे निदान करतात. मिथाइलफेनिडेट मेंदूतील डोपामिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन या रसायनांचा प्रभाव वाढवते आणि बऱ्याच मुलांना त्याचा स्पष्ट उपयोग होतो. मात्र त्याच गोळीने भूक मंदावते, झोप उशिरा लागते, काहींना पोटदुखी वा डोकेदुखी होते, नाडी आणि रक्तदाब किंचित वाढू शकतात. संध्याकाळी गोळीचा अंमल उतरताना काही मुले चिडचिडी होतात. यांतले बरेचसे त्रास सौम्य असतात. पण वाढत्या वयातले मूल महिनोन्महिने दुपारचे जेवत नसेल, तर त्या त्रासाला सौम्य कसे म्हणावे?

साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळीचा आठ ते बारा तास. हे औषध शरीरात साठून राहत नाही. त्यामुळे शाळा नसलेल्या दिवशी ते थांबवायचे, मुलाला पोटभर जेवू द्यायचे आणि सोमवारी नेहमीच्याच मात्रेने पुन्हा सुरू करायचे, हा मार्ग वैद्यकीयदृष्ट्या शक्य होतो. एडीएचडीच्या सर्व औषधांना मात्र हे लागू नाही. अॅटोमॉक्सेटिनचा परिणाम रोजच्या सलग सेवनानेच टिकतो. क्लोनिडिन वा ग्वानफसिन एकाएकी बंद केल्यास रक्तदाब उसळण्याचा धोका असतो. म्हणून शेजारच्या मुलाला सुटी मिळाली, तेव्हा आपल्यालाही द्यावी, असा हिशेब येथे चालत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या ‘सुटी’ची मुळे शोधण्याचा मोह आवरत नाही. १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी आपल्या संस्थेतील ३० मुलांना बेन्झेड्रिन दिले. मेंदूच्या एका तपासणीनंतर मुलांची डोकी दुखत. ती थांबवण्याच्या खटपटीतून हा प्रयोग निघाला. डोकेदुखीत विशेष फरक पडला नाही, परंतु निम्म्याच्या आसपास मुले वर्गात एकाएकी नीट अभ्यास करू लागली. पुढे १९४४ मध्ये लिआंद्रो पॅनिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने सिबा या स्विस कंपनीत मिथाइलफेनिडेट तयार केले आणि १९५० च्या दशकात ते बाजारात आले. म्हणजे या औषधांचे यश पहिल्या दिवसापासून मोजले गेले ते वर्गातील अभ्यासाने. शाळेसाठी गोळी आणि सुटीच्या दिवशी गोळीलाही सुटी, ही कल्पना त्या मोजमापातूनच आली.

तिला दुसरा आधार मिळाला तो वाढीच्या चिंतेतून. ही औषधे घेणाऱ्या मुलांची वाढ मंदावते, असे १९७२ मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवले; औषध थांबवल्यावर वाढ पुन्हा वेग घेते, असेही त्यांना १९७५ मध्ये आढळले. ५७९ मुलांवरील एमटीए नावाचा मोठा अमेरिकी अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मुलांच्या पुढील पाठपुराव्यात असे दिसले, की तीन वर्षे औषध घेतलेल्या मुलांची उंची औषध न घेतलेल्यांपेक्षा सुमारे २ सेंटीमीटरने आणि वजन सुमारे २.७ किलोने कमी भरले. हा फरक घाबरून औषध फेकून देण्याइतका नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका लहानही नाही. मूल मुळातच किरकोळ अंगकाठीचे असेल, तर अडीच किलोला फार मोठा अर्थ असतो.

नेमक्या शनिवार-रविवारच्या सुटीचा अभ्यास ब्राझीलमध्ये झाला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस मुलांचे दोन गट केले गेले. एका गटाला २८ दिवस रोज औषध मिळाले. दुसऱ्याला शनिवार-रविवारी त्याऐवजी निष्क्रिय गोळी दिली गेली. दुसऱ्या गटात भूक मंदावण्याचा आणि झोप न येण्याचा त्रास कमी झाला. सुटीच्या दिवसांत किंवा सोमवारी शाळेत लक्षणे लक्षणीयरीत्या वाढल्याचे मात्र आढळले नाही. निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण त्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. चाळीस मुले आणि चार आठवडे एवढ्यावरून उंचीविषयी काहीच सांगता येत नाही. शिवाय सरासरी ही गटाची असते. आपल्या घरातले मूल त्या सरासरीच्या कोणत्या बाजूला आहे, हे घरीच पाहावे लागते.

माझ्या नातवाच्या बाबतीत आम्ही ते पाहिले. तो नऊ वर्षांचा आहे. औषध सुरू झाल्यावर त्याच्या वहीतील अक्षर सुधारले आणि वर्गशिक्षिकेच्या तक्रारी थांबल्या, पण डबा जसाच्या तसा परत येऊ लागला. पाच महिन्यांत वजन दीड किलोने उतरले. हा आकडा आम्हाला कळला, कारण माझी सून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याला घरच्या काट्यावर उभा करून कॅलेंडरवर लिहून ठेवीत असे. डॉक्टरांनी आधी साधे उपाय सुचवले. गोळी नाश्त्याच्या आधी न देता नंतर द्यायची. सकाळी तुपातला पराठा आणि दही. रात्री गोळीचा अंमल पूर्ण उतरला, की दुसरे जेवण किंवा पिन्नी आणि दूध. त्याने वजनाची घसरण थांबली, पण भर पडेना. मग शनिवार-रविवारी औषध थांबवून पाहायचे ठरले. दोन महिन्यांसाठी, आणि तेही डॉक्टरांनी कागदावर लिहून देऊन.

परिणाम दोन्ही बाजूंचा होता. शनिवारी दुपारी तो राजमा-चावल मागून खाऊ लागला आणि रात्री दहाच्या आत झोपू लागला. वजनही थोडे वाढले. पण सहाव्या आठवड्यात तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “दादू, रविवारी मला कुणी खेळायला घेत नाही.” चौकशी केली तेव्हा कळले, की सेक्टरच्या बागेतील रविवारच्या क्रिकेटमध्ये तो आपली पाळी येईपर्यंत थांबू शकत नव्हता, भांडणे होत होती आणि मुलांनी त्याला वगळले होते. तराजूच्या एका पारड्यात भूक होती, दुसऱ्यात मित्र. डॉक्टरांशी बोलून सून आणि मुलाने निर्णय बदलला: शनिवारची सुटी ठेवायची, रविवारी गोळी द्यायची आणि उन्हाळ्याच्या सुटीत लांब विश्रांतीचा विचार करायचा. हाच मार्ग सर्वांसाठी योग्य आहे, असे मी म्हणत नाही. सुटीच्या दिवशी रस्त्यावर सायकल घेऊन सुसाट धावणाऱ्या मुलासाठी एका दिवसाची सुटीसुद्धा धोक्याची ठरू शकते.

मुलाच्या त्या एका वाक्यातून धोरणाचा प्रश्न उभा राहतो. औषध कुणासाठी आहे? ते फक्त वर्ग शांत राहावा म्हणून असेल, तर शाळा नसताना त्याची गरज नाही. परंतु मैत्री, खेळ, भावंडांशी वागणे आणि रस्ता ओलांडणे हेही मुलाचे जगणेच आहे. म्हणून सुटी द्यायची की नाही, याचे उत्तर वेळापत्रकातून काढता येत नाही. त्यासाठी नियमित वजन आणि उंची हवी, शाळेचे व घरचे निरीक्षण हवे, मुलाचे स्वतःचे म्हणणे हवे आणि ते सारे ऐकून घेण्याइतका वेळ असलेला डॉक्टर हवा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत नेमक्या आहेत. दहा वर्षे आणि त्याखालील मुलांचे वजन दर तीन महिन्यांनी, उंची दर सहा महिन्यांनी मोजावी; नाडी आणि रक्तदाब दर सहा महिन्यांनी व मात्रा बदलताना पाहावा; उंचीवर लक्षणीय परिणाम दिसला, तर शाळेच्या सुटीत औषधाला नियोजित विश्रांती देण्याचा विचार करावा, असे त्या सांगतात.

आपल्याकडे काय मोजले जाते? आपल्याकडे गोळ्या मोजल्या जातात, आणि त्या फार काटेकोरपणे मोजल्या जातात. मनोप्रभावी पदार्थांविषयीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात मिथाइलफेनिडेट अॅम्फेटामिनच्याच यादीत आहे. भारत त्या करारात १९७५ मध्ये सामील झाला आणि १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात हे औषध मनोप्रभावी पदार्थ म्हणून नोंदले गेले. औषध नियमांनुसार ते ‘शेड्यूल एक्स’ मध्ये येते. त्याच्या विक्रीसाठी दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतील एक प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध मिळते.

हे निर्बंध अनाठायी आहेत, असे मला वाटत नाही. पंजाब आणि चंदीगडच्या परिसरात नशेने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे ज्याने पाहिली आहेत, तो असे म्हणणार नाही. परीक्षेच्या काळात जागरणासाठी या गोळ्यांचा गैरवापर होऊ शकतो, हेही खरे. अडचण अशी, की नियमाचा हेतू गैरवापर रोखण्याचा असला, तरी त्याचा पहिला फटका उपचाराला बसतो. सेक्टर २२ च्या बाजारात औषधांची दुकाने थोडी नाहीत. तरी त्यांतल्या चार दुकानांत मला नकार मिळाला. एका दुकानदाराने सौजन्याने कारण सांगितले, “अंकलजी, महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइकं, आणि त्यासाठी वेगळा परवाना, वेगळं रजिस्टर, वर तपासणी. कशाला ती कटकट?” व्यापाराच्या दृष्टीने त्याचे गणित बरोबर होते.

चंदीगडमध्ये सर्वांत आधी वसलेल्या भागांपैकी सेक्टर २२ हा एक. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या वास्तुरचनाकार दांपत्याचे येथील उभारणीत मोठे काम आहे. शाळा, बाजार, दवाखाना आणि बाग घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी, हे या शहराच्या प्रत्येक सेक्टरमागचे सूत्र. सेक्टर १२ मध्ये पीजीआयसारखी संस्था आहे. तिथला मनोविकार विभाग १९६३ मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी सुरू केला आणि १९७० च्या दशकात जवळच्या रायपूर राणी भागात खेड्यांपर्यंत मानसिक आरोग्यसेवा नेण्याचा प्रयोगही तिथूनच झाला. सेक्टर ३२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. इतकी सोय असलेल्या शहरात एका गोळीसाठी आजोबाला दुकानामागून दुकान फिरावे लागत असेल, तर विदर्भातील किंवा मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी पालकांची काय स्थिती असेल, याची कल्पना करता येते.

मोजणी मुलाची व्हावी, अशी व्यवस्था देशात नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब ओळखण्यासाठी त्यात सुमारे ३० स्थितींची यादी आहे आणि त्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे. फिरती पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत जातात, गरजू मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पण हा कार्यक्रम शोधण्यासाठी आखलेला आहे, सांभाळण्यासाठी नाही. पथक शाळेत वर्षातून एकदा येते. औषध घेणाऱ्या लहान मुलाचे वजन वर्षातून किमान चारदा घ्यायला हवे. खासगी विनाअनुदानित शाळेतले मूल तर त्या पथकाच्या कक्षेतही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी केली. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे हे मूल दोन यंत्रणांच्या मध्ये कुठेतरी राहून जाते.

शाळेच्या वेळापत्रकाचाही मुद्दा आहे. शनिवार-रविवारची सुटी ही कल्पना पाच दिवसांच्या शालेय आठवड्यातून आलेली आहे. महाराष्ट्रात अनेक शाळा शनिवारी सकाळी भरतात आणि रविवारी शिकवणी वा स्पर्धापरीक्षांचे वर्ग असतात. तिथे ‘वीकएंड’ म्हणजे फार तर एक दिवस. मोठ्या सुट्या मात्र आपल्याकडे दोन आहेत, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. वाढ भरून काढण्यासाठी विश्रांती द्यायचीच असेल, तर आपल्या डॉक्टरांनी आपल्या पंचांगाप्रमाणे आखलेली योजना अधिक उपयोगी पडेल. भारतीय मुलांच्या अंगकाठीवर, आहारावर आणि शालेय आठवड्यावर आधारलेला असा अभ्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी हाती घ्यायला हरकत नाही. त्याला मोठ्या निधीची गरज नाही. वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी आणि वर्षभर टिकणारी शिस्त लागते.

मग करावे काय? कायदा बदलण्याची वाट न पाहता चार गोष्टी करता येतील.

पहिली, चिठ्ठीवर विश्रांतीचे वेळापत्रक स्पष्ट लिहिले जावे. रोज एक गोळी घेणाऱ्या मुलाला महिन्याला ३० गोळ्या लागतात. शनिवार-रविवार वगळले, तर सुमारे २२. चिठ्ठीवर ३० लिहिल्या आणि वापरल्या २२, तर दर महिन्याला आठ गोळ्या घरात साठतात. ज्या गैरवापराची राज्याला भीती वाटते, त्याची सुरुवात अशाच विसरलेल्या साठ्यातून होऊ शकते. तेव्हा ‘सोमवार ते शुक्रवार’ हे तीन शब्द मुलाच्याही हिताचे आहेत आणि कायद्याच्याही.

दुसरी, जिथे बालमानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, अशा प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या औषधालयात हे औषध उपलब्ध असावे. शेड्यूल एक्सचा परवाना असलेल्या दुकानांची जिल्हावार यादी औषध प्रशासनाने जाहीर करावी. एनडीपीएस नियमांत वैयक्तिक उपचारासाठी १०० मात्रांपर्यंत, आणि दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसे खास लिहून दिल्यास ३०० मात्रांपर्यंत औषध जवळ बाळगण्याची मुभा आहे. म्हणजे दीर्घ उपचाराची गरज नियमकर्त्यांनी ओळखलेली होती. हे दुकानदारांना, तपासनिसांना आणि पालकांना सोप्या भाषेत सांगितले गेले, तरी बरीच भीती कमी होईल.

तिसरी, औषध सुरू करताना मुलाच्या नावाचे एक वाढपत्रक सुरू व्हावे आणि नवी चिठ्ठी लिहिताना त्यात वजन, उंची, नाडी, रक्तदाब, भूक आणि झोप यांची नोंद व्हावी. लसीकरणाचे कार्ड आपल्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले आहे; हेही त्या जपतील. त्याच पत्रकात शिक्षकांसाठी दोन ओळी आणि मुलासाठी एक ओळ असावी. आठवडा कसा गेला, हे त्यालाही विचारले जावे.

चौथी, शाळेला या व्यवस्थेत सामावून घ्यावे. महाराष्ट्राने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली, तेव्हा सार्वजनिक रुग्णालयातील तपासणी आणि शाळेतील निर्णय यांना जोडणारा एक दुवा तयार झाला. तो परिपूर्ण नव्हता, आजही नाही. पण रुग्णालयाने दिलेला कागद शाळेने मानायचा, ही रीत त्यातून पडली. एडीएचडीच्या मुलांसाठी तोच दुवा वाढवता येईल: डब्यासाठी थोडा अधिक वेळ, दुपारच्या गोळीची गुप्तता आणि विश्रांतीच्या दिवसांत समजूतदारपणा. यासाठी नव्या कायद्याची नव्हे, एका परिपत्रकाची गरज आहे.

पालकांना एवढेच सांगेन, की स्वतःच्या मनाने औषध थांबवू नका आणि स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका. सुटीच्या दिवशी चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी सोमवारी दुप्पट मात्रा कधीही देऊ नका. छातीत दुखणे, भोवळ येणे, नव्याने सुरू झालेले झटके किंवा खोल उदासी दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. आणि वजन लिहून ठेवा. आमच्या घरातल्या निर्णयाला आधार होता तो कॅलेंडरवरच्या त्या पाच-सहा आकड्यांचा.

राज्याकडे आज प्रत्येक गोळीचा हिशेब आहे: कोणत्या दुकानातून, कोणत्या चिठ्ठीवर, किती. ज्या मुलासाठी ती गोळी लिहिली गेली, त्याने त्या महिन्यात जेवण नीट घेतले का, तो झोपला का, वाढला का, याची एक ओळ त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिण्याची सोय केली, तर जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरालाही विश्रांतीचा निर्णय अंदाजाऐवजी नोंदीच्या आधारे घेता येईल.